येळवशीला सुई घेऊन गेलो

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. पोरगं दोन वर्षांपासून नेदरलँड्सला हाय, आइंडहोवनला, कंपनीनंच नेलंय. चेहरा असा खुललेला जणू काही बोर्डात आलंय. म्हणतो, "काका, रिपोर्ट आला माझा. तुम्ही उगंच घाबरवलं राव. एलडीएल फक्त ५.८ आलाय. तुमचा तर अडीचशेच्या वर होता ना?"

मी म्हणलं थांब, फोन ठेवू नको. लाईटबिलाच्या मागं ५.८ लिहिलं, ३८.६७ नं गुणलं. २२४ आलं. परत गुणलं. २२४च.

एलडीएल म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल. ते तिकडं मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडं मिलिग्रॅममध्ये. आजार तोच, पण मापं दोन, आणि त्या दोन मापांच्या मधल्या फटीत आमचं पोरगं पाच मिनिटं खुश होतं. सांगितल्यावर गप्प झालं. मग हळूच म्हणलं, "म्हणजे आपल्या घरचंच ना काका हे?"

हाव बाबा, घरचंच.

आता नवीन कोणी वाचत असेल तर सांगतो, माझी लातूरला छोटी पॅथॉलॉजी लॅब हाय, पंधरा वर्षं झाली, त्याच्या आधी दुसऱ्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या रक्तात डोकं घातलं आणि स्वतःचं बघायला ३९ वं वर्ष उजाडावं लागलं. ते पण मुद्दाम नाही. लिपिडचं, म्हणजे रक्तातली चरबी मोजायचं, नवीन किट आलं होतं, मशीनला लावून बघायचं होतं, सकाळी पेशंट नव्हता, मग आमच्या लाईनीत सगळेच करतात तसं स्वतःचंच रक्त काढलं. एलडीएल २६८. मला वाटलं किट खराब. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावला. कंट्रोल बरोबर. रीरन केलं, २६६. सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याची, नळी उजेडात धरून बघितली तर पिवळसर, स्वच्छ, काचेसारखी. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोकांना वाटतं की कोलेस्टेरॉल वाढलं की रक्त तुपासारखं होतं. तसं नसतं. दुधासारखं सीरम दिसतं ते ट्रायग्लिसराईड नावाची दुसरी चरबी वाढल्यावर. हे एलडीएलवालं प्रकरण डोळ्याला काही म्हणता काही दाखवत नाही. स्वच्छ पाणी दिसतं आणि आत २६८.

एका डॉक्टरकडं गेलो, नाव घेत नाही. त्यांनी रिपोर्टवर नजर टाकली, माझ्या पोटावर टाकली (पोट नाहीच मला, सडपातळ माणूस), आणि म्हणाले तेलकट बंद करा, तीन महिन्यांनी या. तीन महिने मी ज्वारीची भाकरी, वरण आणि बिनतेलाची मेथी खाल्ली. बायको वैतागली, माझं चार किलो वजन उतरलं, लोक विचारायला लागले शुगर निघाली का म्हणून. तीन महिन्यांनी एलडीएल २५१. डॉक्टर म्हणाले पथ्य नीट पाळत नाही तुम्ही. डोक्यात तिडीक गेली, पण काय बोलणार.

(तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतंय ना, त्याची एक गंमत. करडई असो का सोयाबीन, झाडाच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच मुळी. पाण्याच्या बाटलीवर 'काटा नसलेलं' लिहिण्यासारखं हाय ते. असो.)

दुसऱ्या डॉक्टरनं तेलाचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, वडील कशानं गेले? म्हणलं अटॅकनं. वय? ४४. त्यांची भावंडं? थोरले चुलते ३८ व्या वर्षी, बैलगाडी जुंपता जुंपता खाली बसले ते बसलेच. आजोबा पन्नाशीच्या आत, उभ्या उभ्या. डॉक्टरनं प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि त्यावर चौकोन आणि गोल काढायला लागले, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. मग टॉर्च मारून माझे डोळे बघितले. बुबुळाच्या कडेनं पांढुरकं कडं होतं. मी रोज आरशात दाढी करतो, मला कधी दिसलं नाही. ते म्हणाले, याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, म्हणजे घराण्यातनं आलेलं जास्त कोलेस्टेरॉल, एफएच म्हणा सोपं. डच लोकांनी गुणांची पद्धत काढलीय, तुमचे एलडीएलचे ५, वडिलांचं १, पंचेचाळिशीच्या आत डोळ्यात कडं आलं त्याचे ४. झाले १०. आठच्या वर गेलं की पक्कं.

शाळेत एवढे मार्क पडले नव्हते कधी.

आता हा आजार नेमका काय ते मी माझ्या भाषेत सांगतो, डॉक्टर मंडळी हसली तरी चालेल. सोयाबीनच्या सीझनला लातूरचं मार्केट यार्ड ज्यानं बघितलंय त्याला लगेच कळेल. रक्तातला एलडीएल म्हणजे मालानं भरलेली ट्रॉली. लिव्हर म्हणजे आडत. आडतीच्या दारात हमाल असतात, ते ट्रॉली आत घेतात, माल उतरवतात, आणि परत दारात येऊन उभे राहतात पुढच्या ट्रॉलीसाठी. या हमालांना म्हणतात एलडीएल रिसेप्टर. प्रत्येकाला हमाल भरतीचे दोन हुकूम मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. आमच्या घरात बापाकडून आलेला हुकूमच चुकीचा छापलेला. म्हणून हमाल निम्मेच. ट्रॉल्या रोज तेवढ्याच येणार, उतरवणारे निम्मे, मग रस्त्यावर रांग लागणार, आणि रांगेतला माल रस्त्याच्या कडेलाच सांडून कुजणार. तो रस्ता म्हणजे आपली रक्तवाहिनी. आणि हा जाम चाळिशीला लागत नाही, जन्मल्यापासून लागलेला असतो. चाळिशीला फक्त आवाज होतो.

आणि दोन्ही हुकूम चुकीचे आले तर? म्हणजे आईबाप दोघांनाही हा आजार, आणि लेकराला दोघांकडूनही खराबच मिळाला तर? मग दारात हमालच नाही. एलडीएल चारशे-पाचशेच्या वर, कोपरा-गुडघ्यावर पिवळ्या गाठी, आणि शाळेत जायच्या वयात हार्टचा त्रास. सुदैवानं ते लाखात नाही, दोन-तीन लाखांत एखादं. निम्म्या हमालांवाले मात्र ढिगानं हायत, जगात साधारण ३०० माणसांमागं एक. एका बऱ्या गावात पाच-दहा माणसं धरा. आणि त्यातल्या बहुतेकांना माहितच नाही.

ते दोन-तीन लाखांत एखादंवालं मी उगंच सांगत नाहीय, त्यावर येतो पुढं. तेच तर सगळं दुखणं हाय.

हे सगळं समजल्यावर मी रात्र रात्र वाचायला लागलो. इंग्रजी कच्चं हाय, पण लॅबमधले शब्द ओळखीचे. आणि एक गोष्ट सारखी जाणवत गेली की हा आजार एका देशाला सुटलाच नसता. १९३८-३९ ला नॉर्वेत ओस्लोला कार्ल म्युलर म्हणून डॉक्टर होते, त्यांच्या पहिल्यांदा नीट लक्षात आलं की स्नायूंच्या दोरीवर गाठी, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि छातीत कळ, हे तिन्ही एकाच घरात पिढीजात चालतं. पण हा आजार एक हुकूम चुकीचा आणि दोन्ही हुकूम चुकीचे अशा दोन प्रकारचा असतो हे कुठं कळलं? बैरूतला. १९६४ ला अवेदिस खाचादुरियन यांनी लेबनॉनमधली घराणी तपासली, तिथं नात्यात लग्नं व्हायची, त्यामुळं दोन्हीकडून आजार आलेली लेकरं आणि एकाच बाजूनं आलेली माणसं, दोन्ही एकाच घरात बघायला मिळाली. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बाहेर चहाला गेलो. नात्यात लग्न. मामाची पोरगी. आमच्याकडं काय सांगायलाच नको.

मग अमेरिकेत डॅलसला ब्राऊन आणि गोल्डस्टीन, त्यांनी १९७३-७४ ला हे हमाल शोधून काढले, त्याला १९८५ चं नोबेल मिळालं. तिकडं जपानमध्ये त्याच सुमाराला अकिरा एंडो नावाचा माणूस सहा हजारांच्या आसपास बुरश्या तपासत बसला होता, कोणती बुरशी शरीराचा कोलेस्टेरॉल बनवायचा कारखाना थंड करते ते बघायला. त्याला मिळालेली बुरशी कुठली, तर क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची. अवकाळीनं भिजलेल्या ज्वारीवर बुरशी आली की आपण कपाळावर हात मारतो, या बाबानं तिच्यातनं जगातलं पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायचं औषध, काढलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे डॅलसवाल्यांनी एंडोंना पत्र लिहिलं आणि एंडोंनी ते औषध त्यांच्याकडं समुद्रापार पाठवून दिलं. १९७८ ला ओसाकाच्या अकिरा यामामोतोंनी ते एफएचच्या पेशंटला दिलं. म्हणजे आज मी रात्री जी गोळी पाण्याबरोबर घेतो तिच्या मुळाशी माझ्याच आजाराची माणसं हायत, हजारो मैलांवरची. एंडो २०२४ ला गेले, नव्वद वर्षांचे होऊन. लातूरच्या मेडिकलवर तशीच गोळी आता दोन-तीन कप चहाच्या पैशात मिळते, जनऔषधीत अजून कमी, आणि ती बनते आपल्याच देशात.

स्टॅटिन काम कसं करतं? आडतीचा स्वतःचा माल बनवायचा धंदा बंद करतं. घरचा माल संपला की आडत्या आपसूक दारात जास्त हमाल उभे करतो. सोपं हाय. आणि २००३ ला अजून एक भानगड कळली, पॅरिसच्या आणि माँट्रियलच्या लोकांना मिळून, फ्रान्समधल्या घराण्यांवरनं, की पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन असतं. हा आमच्या यार्डातला मुकादम. हमाल ट्रॉली घेऊन आत गेला की हा त्याचा हात धरतो, परत दाराकडं येऊच देत नाही, तिथंच संपवतो. मग डॅलसमध्ये अशी माणसं सापडली ज्यांच्यात जन्मतःच मुकादम कामचुकार, त्यांचा एलडीएल एकदम कमी आणि हार्टचा त्रास जवळजवळ नाहीच. त्यावरनं २०१५ ला मुकादमाला धरून ठेवणारी इंजेक्शनं आली. महाग हायत अजून, माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नाहीत, पण मला गोळीवरच भागलं. एटोरवास्टॅटिन आणि एझेटिमाइब मिळून माझा एलडीएल आता ९४ हाय.

बरं, औषध मिळालं. पण मी एकटाच नव्हतो ना. कागदावर डॉक्टरनं चौकोन-गोल काढले होते तेवढी सगळी माणसं कुठं हायत?

हॉलंडवाल्यांनी काय केलं माहितंय का, १९९४ पासून २०१३ पर्यंत सरकारी पैशानं एक कार्यक्रम चालवला. एक पेशंट सापडला की त्याचं घराणं काढायचं, आणि सिस्टर नात्यातल्या माणसांच्या घरी जाऊन रक्त घ्यायची. माणूस दवाखान्यात यायची वाट बघायची नाही. जवळपास २८ हजार माणसं शोधली अशी. त्याच्याही आधीपासून अमेरिकेत युटाचे रॉजर विल्यम्स हेच सांगत देशोदेशी फिरत होते, मेडपेड नावाचं जाळं उभं केलं होतं त्यांनी, नावाचा अर्थच लवकर ओळखा आणि अकाली मरण टाळा. २ सप्टेंबर १९९८ ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेलं स्विसएअरचं विमान कॅनडाजवळ समुद्रात पडलं, त्यात ते गेले. माणसांना अकाली मरणातनं वाचवायला निघालेला माणूस असा गेला. काम मात्र थांबलं नाही.

घरोघर फिरणारी सिस्टर आपल्याकडं कुठनं आणायची? मी विचार करत बसलो होतो आणि आत्याचा फोन आला, येळवशीला येणार हायस ना म्हणून. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

लातूर-धाराशिवच्या बाहेरच्यांना सांगतो, येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी शहरात कर्फ्यू लागल्यासारखं असतं कारण सगळं लातूर शेतात. रानात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर, दुपारभर. पुण्याचे, हैदराबादचे, सगळे त्या दिवशी रानात येतात. दिवाळीला येणार नाही तो येळवशीला येतो. आणि आमच्या आत्याला, वय ६६, औसा तालुक्यात दिलेली, तिला आख्ख्या भावकीतलं कोण कुठं दिलं, कुणाला किती लेकरं, कोण कशानं गेलं हे तोंडपाठ हाय. सोयरीक जमवायला लोक तिच्याकडं येतात. हॉलंडच्या सरकारनं एकोणीस वर्षं पगार देऊन जे करून घेतलं ते ही बाई फुकटात घेऊन बसलीय डोक्यात.

गेलो थर्माकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या, पिवळ्या झाकणाच्या नळ्या आणि सुया घेऊन. लोक हसले. काकू म्हणल्या, "देवाच्या दिवशी रक्त काढूलालाय का रे?" उपाशीपोटीच लागतं का हे विचारून झालं, म्हणलं नाही, आता बाहेरदेशी पण उपाशीपोटीचा हट्ट सोडलाय, एलडीएलला चहानं काही फरक पडत नाही, पण आंबील प्यायच्या आधी या म्हणजे झालं. सगळ्यात आधी आत्या पुढं आली. कोपीच्या सावलीत पोत्यावर बसली, बाही वर केली. टूर्निकेट बांधताना माझं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. टाचेच्या मागची दोरी असते ना, ती आपली बोटाएवढी असते, आत्याची अंगठ्याहून जाड, खालीवर गाठाळ. म्हणलं हे कव्हापासून? "आरं लई वर्सं झाली. वात हाय मपला. चप्पल मागून फाडूनच घ्यावी लागतीय." वर्षानुवर्षं बाईनं चपला फाडून घातल्या आणि सगळ्यांनी वात म्हणून सोडून दिलं. हे तेच, ओस्लोच्या म्युलर साहेबांनी लिहून ठेवलेलं, औशाच्या रानात.

१७ जणांनी रक्त दिलं त्या दिवशी. संध्याकाळी लॅब उघडून मशीनला लावलं. आत्या २४१. तिचा पोरगा २३३. तिचा नातू, पंचविशीतला, क्रिकेट खेळणारं पोरगं, २१९. आणि आमचे धाकटे काका, ज्यांच्या ताटात तूप वाहतं, कंदुरीला तिसऱ्यांदा मटण मागणारे, ९६! बापाकडनं चांगला हुकूम मिळाला त्यांना, बस. पथ्य नीट पाळत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांना हा रिपोर्ट नेऊन दाखवावा असं लई वाटलं.

शेवटची नळी माझ्या पोरीची होती. नऊ वर्षांची. मशीन नमुना उचलतं, आकडा यायला काही मिनिटं लागतात, मी एरवी तेवढ्यात दुसरं काम करतो. त्या दिवशी नुसता उभा राहिलो. १९६. मी टेक्निशियन म्हणून हजारो रिपोर्ट छापलेत, पण हातानं त्या नळीवर तिचं नाव मीच लिहिलं होतं आणि ते माझंच अक्षर बघत बसलो. नंतर परत तपासलं, तेवढंच. आता पथ्य, खेळ, आणि दहाव्या वर्षाच्या आसपास छोटा डोस सुरू करू म्हणालेत डॉक्टर, एवढ्या लहानपणी सुरू केलं तर जाम होतच नाही म्हणे फारसा.

तिच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची गाडी येते, दात बघतात, डोळे बघतात, वजन घेतात, चांगलं काम करतात ती माणसं. पण कोलेस्टेरॉल त्यात नाही. स्लोव्हेनिया नावाचा एवढासा देश हाय, आपल्या लातूर जिल्ह्याहूनही कमी लोकसंख्येचा, तिथं १९९५ पासून पाच वर्षांच्या लेकरांचं कोलेस्टेरॉल बघतात. लेकरू सापडलं की आईबापाचं बघतात, मग उलट वर चढत जातात. २०२२ ला प्रागला युरोपातली मंडळी त्याच्यासाठीच जमली होती, की हे सगळीकडं झालं पाहिजे. आपल्याकडं एकदम सगळं कुठनं होणार, पण ज्याचा बाप पन्नाशीच्या आत अटॅकनं गेला त्या लेकराचं तरी करा की. एक नळी लागते.

आणि मला सगळ्यात जास्त झोंबलेला आकडा सांगतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे कौशिक रे यांच्या पुढाकारानं ५६ देशांनी आपापल्या एफएच पेशंटच्या नोंदी एकत्र केल्या, ४२,१६७ मोठी माणसं, २०२१ ला लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी नियतकालिकात आलं. आजार ओळखला गेला ते मधलं वय निघालं ४४.४ वर्षं. म्हणजे निम्म्यांना त्याच्याही नंतर कळलं. माझा बाप ४४ व्या वर्षी गेला. जग ज्या वयात ओळखतं त्या वयात आमच्याकडं तेरावं असतं. दोन्ही बाजूंनी आजार आलेल्यांचं पण असंच गोळा केलं, ३८ देशांमधले ७५१ जण, २०२२ ला. श्रीमंत देशात हार्टचा पहिला मोठा झटका ३७ च्या आसपास, बाकीच्या देशात २४.५. हमाल तिकडं पण नाहीत आणि इकडं पण नाहीत, तरी साडेबारा वर्षांचा फरक. एका देशानं आपापली पन्नास-शंभर माणसं मोजली असती तर हा फरक दिसला असता का? नसता. सगळ्यांनी वह्या एकाच टेबलावर टाकल्या म्हणून दिसला.

आणि आता वहीवरनंच आमच्या घरातल्या भांडणाकडं येतो.

थोरल्या चुलत्यांचा पोरगा, मी दादा म्हणतो, अहमदपूरकडं असतो, ४१ व्या वर्षी स्टेंट पडलाय. तो येळवशीला आला, जेवला, पण रक्त दिलं नाही. पोरीचं पण देऊ दिलं नाही. आइंडहोवनवाला पुतण्या ह्याचाच, आणि पोरगी २२ वर्षांची, बीएस्सी झालेली. आणि तिची सोयरीक कुणाशी चाललेली? आत्याच्या नातवाशी. २१९ वाला. घरात घर, बघितलेलं पोरगं, शेती लागूनच, सगळे खुश. दादा मला बाजूला घेऊन म्हणला, "तू लॅबवाला हायस म्हणून घरादाराचं रक्त वेशीवर टांगू नको. पोरीचं लगीन व्हायचंय मपल्या. उद्या बोभाटा झाला तर कोण करील?"

मी काय बोलणार. त्याचं चुकलं असं पण म्हणवत नाही. आपल्याकडं कोड, शुगर, चष्मा, काहीही लपवून लग्नं होतात कारण उघडं केलं तर होत नाहीत, हे मला माहितंय. पण दादा, म्हणलं, आजार असला म्हणून लग्न मोडत नाही, गोळी हाय त्याला, माझं झालंय की लग्न. फक्त दोघांनाही असेल तर लेकराला दोन्हीकडनं यायची शक्यता चारात एक. चारात एक म्हणजे काय ते मी त्याला चार नळ्या हातात देऊन दाखवलं, एक काढून बाजूला ठेवली. तो त्या नळीकडं बघत राहिला आणि उठून गेला. दोन महिने फोन नाही.

आत्याला हे मी सांगितलं नव्हतं. तिला सांगणारा मी कोण, नातू तिचा. पण तिला कळल्याशिवाय राहतंय का. एक दिवस फोन करून तिनंच सगळं विचारून घेतलं, दोनदा विचारलं, मग म्हणली, "म्या जमवलेली सोयरीक हाय ती." आणि गप्प झाली. मी पण गप्प. मग म्हणली, "पोरीचं रक्त बगा आदी. न्हाई निगालं तर बार उडवू. निगालं तर मपल्या नातवाला दुसरी बगीन, तिला दुसरा बगीन, दोन्ही घरं माज्याच हातानं." दादाला फोन पण तिनंच लावला. तो तिच्यावरही चिडला.

आणि मग हा पुतण्याचा कॉल. ५.८. त्याच्या तिकडच्या डॉक्टरनं आकडा बघून आधी विचारलंय की वडील, आजोबा, कोण कधी गेलं, म्हणून त्यानं मला घराण्याचा नकाशा मागितला. मी आत्याला फोन लावून एकेक नाव, गाव, वय विचारत वहीवर काढला, फोटो काढून पाठवला, त्यानं इंग्रजी केला. आत्याच्या डोक्यातली भावकी डच दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये. आता ते त्याची जीन टेस्ट करणार हायत. आमच्या घराण्याच्या हुकमात नेमकं कोणतं अक्षर चुकलंय ते एकदा त्याच्यात सापडलं की इकडं सगळ्यांचं पूर्ण जीन वाचायची गरज नाही, तेवढी एकच जागा बघायची, लई स्वस्तात होतं. म्हणजे तिकडं सापडलेली चूक इकडं आत्याच्या पणतवंडापर्यंत कामाला येणार.

त्यानं त्या रात्री फोन ठेवायच्या आधी विचारलं, "काका, बहिणीला मी सांगू का?" म्हणलं तुझा रिपोर्ट हाय, तू कुणालाही सांग. बहिणीचा मात्र तिच्याशिवाय कुणाला नाही.

परवा मंगळवारी दुपारी लॅबमध्ये गर्दी नव्हती. ती एकटीच आली. ओढणी डोक्यावर, हातात कॉलेजची जुनी सॅक, गाडीवरनं उतरून सरळ. म्हणली, "काका, घ्या." मी फॉर्म पुढं केला, तिनंच स्वतःच्या अक्षरात नाव, वय लिहिलं. नळीवर पण मी तिलाच लिहायला लावलं. सुई टोचताना दुसरीकडं बघतात लोक, ती नळीत रक्त चढताना बघत होती. गोठायला अर्धा तास ठेवावं लागतं, तेवढ्यात चहा मागवला. सेंट्रीफ्यूज फिरायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, "हे आधी कुणाला कळणार?" म्हणलं मशीनला, मग मला, मग तुला. तिसऱ्या नंबरपर्यंतच.

आकडा इथं लिहिणार नाही, तो तिचा हाय. छापला, पाकिटात घातला, दिला. तिनं तिथंच उभ्यानं वाचला, घडी घातली, सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवला. मी म्हणलं स्टँडवर सोडतो, अहमदपूरची गाडी साडेचारला हाय. स्टँडवर गेल्यावर ती औशाच्या गाडीत चढली. खिडकीतनं म्हणली, "आत्याआजीला फोन करू नका काका, मीच जाऊन सांगते."